माकड सोकावलं ते आपल्याच हातून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी भटकंतीवर पानभर मजकूर आला होता, मुंबईतून एका दिवसात कुठे कुठे जाऊन येता येईल असा. छान होता, रस्ते-गाड्यांची माहितीही बरोबर होती. पण त्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवरचा जो फोटो छापलाय ना, लहान मुलगी माकडाला बिस्कीट देतेय आणि खाली ओळ 'गट्टी जमली', तो बघून मी पेपर बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. लिहावं की नको यात दोन दिवस गेले, मग म्हटलं लिहायलाच हवं, कारण तो फोटो बघून पुढच्या रविवारी आणखी शंभर घरांतून बिस्किटाचे पुडे निघणार आहेत.

मी बोरिवली पूर्वेला राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणजे एकतीस वर्षं, आणि नॅशनल पार्कात सकाळी चालायला जाते त्याला आता एकोणीस वर्षं झाली. वन्यजीवांचा अभ्यास वगैरे काही केलेला नाही, शाळेत मराठी शिकवायचे, आता रिटायर झाले. आमचं माहेर परळचं, आणि आमच्या शाळेची सहल पण इथेच यायची, वनराणी नावाच्या छोट्या आगगाडीत बसायचं, गांधी टेकडीवर डबा खायचा आणि मग कान्हेरी. आई डब्याबरोबर चण्यांची एक वेगळी पुडी द्यायची, माकडांना घाल म्हणून. सगळ्यांच्याच आया द्यायच्या. त्यात पुण्यच वाटायचं, मारुतीरायाची मंडळी ती, त्यांना चार दाणे घातले तर काय बिघडलं. त्यामुळे आज जे लोक खायला घालतात ते वाईट आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही, बहुतेक जण मायेनेच घालतात. पण त्या मायेने काय होतं ते मी गेल्या जानेवारीत अगदी जवळून बघितलंय.

भाची ठाण्याहून आली होती, बरोबर तिचा सात वर्षांचा मुलगा. रविवार, कान्हेरीला ही गर्दी. पोराच्या हातात वेफर्सचं पाकीट. मी खाली गेटपाशीच म्हटलं होतं की ते बॅगेत ठेव, ठेवलं पण होतं, वर गेल्यावर कधी बाहेर काढलं ते कळलंच नाही. लेण्याच्या कठड्यावरून एक मोठा नर सरळ चालत खाली आला, धावत पण नाही, अगदी आपल्या हक्काचं घ्यायला आल्यासारखा, आणि त्याने पाकीट ओढलं. पोराने सोडलं नाही. कुठलं पोर सोडेल? मनगटावर दोन लांब ओरखडे, रक्त, रडारड. तिथला वॉचमन धावत आला, त्याने आधी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने चांगली पंधरा मिनिटं धुवायला लावली, मग खाली येऊन दवाखाना, रेबीजच्या इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स, भाचीचे ऑफिसचे खाडे. आणि हे सगळं चालू असताना आमच्यापासून दहा पावलांवर एक गृहस्थ त्याच टोळीला केळी टाकत होते आणि बायको व्हिडिओ काढत होती.

तिथे काकडी आणि पेरू विकायला बसतात त्यातल्या एक मावशी, पार्कातल्याच पाड्यावरच्या, वारली आहेत, माझी रोजची ओळख, त्यांनी पोराला पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, ताई, माकडाला कशाला बोलायचं, त्याला सोकावलंय कोणी? बस, तेवढंच. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, ही म्हण मी तीस वर्षं वर्गात शिकवली, तिचा अर्थ मला त्या दिवशी त्या पायऱ्यांवर नव्याने कळला. एका बिस्किटाने माकड मरत नाही हो, मान्य आहे. पण प्लॅस्टिकचा आवाज आला की खाणं येतं, हातातली पिशवी म्हणजे खाणं, लहान मूल म्हणजे न झगडता मिळणारं खाणं, हे त्याला कळतं, ते त्याच्या पिल्लाला कळतं, आणि मग अख्खी टोळी रानात फिरायची सोडून पायऱ्यांवर येऊन बसते. रानात फिरताना ती उंबर, जांभूळ असली फळं खातात आणि बिया लांब लांब नेऊन टाकतात, झाडं अशी पसरतात, ते काम थांबतं. तळलेलं, खारट, गोड खाऊन त्यांचं आरोग्य बिघडतं ते वेगळंच. शेवटी माकडं फार त्रास देतात म्हणून तक्रारी होतात आणि पिंजरा माकडासाठी येतो, केळी टाकणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

आणि हे माकडापाशी थांबत नाही, हे मला जास्त कळकळीने सांगायचंय. उरलेलं खाणं, अर्धा वडापाव, बिर्याणीचा डबा, हे जिथे पडतं तिथे कुत्री येतात. जिथे कुत्री येतात तिथे बिबट्या येतो, कारण आपल्या या भागातल्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. आपलं जंगल जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, तिन्ही बाजूंनी बिल्डिंगा आणि वस्त्या, त्यात २०१५ च्या कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, मोजणीत ३५ बिबटे दिसले आणि २०१८ मध्ये ४७. एवढ्या दाटीच्या शहराला खेटून एवढे बिबटे राहतात आणि बहुतेक दिवस कोणाला काही होत नाही, हे मला खरंच फार मोठं वाटतं, जगात असं शहर दाखवा म्हणावं. पण ते आपोआप होत नाही. २००४ साल ज्यांना आठवतंय त्यांना विचारा, बोरिवली, मुलुंड, पवई, कुठे ना कुठे हल्ल्याची बातमी, संध्याकाळी पोरांना खाली सोडायला कोणी तयार नसायचं. पुढे अभ्यासकांनी सांगितलं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडत राहिल्याने प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, आणि आपल्या हातात जे आहे ते म्हणजे कचरा आवरणं. २०११ पासून वनविभागाने लोकांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे आपलं संजय गांधी नॅशनल पार्क) म्हणून जे काम केलं त्यातही हेच घरोघरी सांगितलं गेलं, कचरा साफ ठेवा, कुत्री कमी होतील, रात्री मुलांना एकटं सोडू नका. म्हणजे पार्कात टाकलेला अर्धा वडापाव फिरून फिरून कोणाच्या तरी अंगणापर्यंत पोहोचतो, आणि ते अंगण बहुतेक वेळा पाड्यावरचं असतं, सहलीला आलेल्याचं नसतं.

प्लॅस्टिकबद्दल सगळे बोलतात म्हणून मी कमी बोलते. राज्यात २०१८ पासून बंदी आहे, गेटवर बॅगा तपासतात, तरी आत पाकिटं दिसतात. चितळं मिठाच्या वासाने पाकिटं चाटतात, कधी गिळतात, आणि ते पोटात जाऊन अडकलं की त्याला औषध नाही.

पाण्याचं मात्र बोलायलाच हवं, कारण ते कोणी बोलत नाही. तुळशी आणि विहार हे दोन्ही तलाव या जंगलात आहेत, विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, आणि अजून मुंबईच्या नळाला त्यांचं पाणी येतं, थोडं का असेना पण येतं. दहिसर नदी इथूनच निघते, पोईसर इथूनच, मिठीला विहारचं पाणी मिळतं. पावसाळ्यात पोरं ओढ्यात भिजायला उतरतात, उतरू दे, मला त्या आनंदाचा राग नाही, पण बाटल्या फोडून जातात ना तिथे, हिरव्या काचा, मी स्वतः पिशवी भरून वेचल्यात, आणि त्या ओढ्यावर पाड्यावरची पोरं अनवाणी येतात, सांबरं पाण्यावर येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा या शहरात नदी नावाचं काहीतरी आहे हे लोकांना कळलं, तोपर्यंत मिठीला सगळे नालाच म्हणायचे. त्या नद्यांचं वरचं टोक एवढंच काय ते स्वच्छ उरलंय.

आता स्पीकर. सकाळी सहा-सातला ग्रुप येतात, एकाच्या खिशात किंवा सायकलला अडकवलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर, कधी भजन, कधी झुंबा. मी एकदोघांना विनंती केली तर म्हणाले, काकी, आम्ही तिकीट काढलंय. तिकिटात रस्त्यावरून चालायचा हक्क मिळतो, जंगलाच्या कानात गाणं वाजवायचा मिळतो का हे तुम्हीच सांगा. जंगल सगळं आवाजावर चालतं. बिबट्या निघाला की वानर झाडावरून खाकरतं, चितळ एक तीक्ष्ण भुंकल्यासारखा आवाज काढतं, तो ऐकून बाकीचे सावध होतात, पिल्लं आत घेतात. तो कॉल गाण्याखाली दबला तर एखाद्या पाडसाचा जीव जातो. आणि माणसाचंही नुकसान होतं, ज्याने कधी वानराचा तो कॉल आणि त्याच्यानंतरची ती एकदम शांतता ऐकली नाही त्याने नॅशनल पार्कात येऊन काय ऐकलं मग? सोमवारी पार्क बंद असतो. कधी मंगळवारी अगदी पहिल्या अर्ध्या तासात जाऊन बघा, एका दिवसाच्या सुट्टीने पण रस्त्याजवळचे पक्षी किती खाली उतरलेले असतात. मला तर दर मंगळवारी फरक जाणवतो.

फोटोग्राफर मंडळींचं लिहिताना मला थोडं जड जातंय कारण त्यांच्यामुळेच मी पक्षी ओळखायला शिकले, त्यातले कितीतरी जण अतिशय सांभाळून वागणारे आहेत. पण पनवेलजवळ कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जून-जुलैत काय होतं ते मी बघितलंय. तिबोटी खंड्या येतो तिथे, मुठीत मावेल एवढा, जांभळा-केशरी, रत्न म्हणावं असा, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून घरटं करतो. पिल्लांसाठी चोचीत सापसुरळी किंवा छोटा खेकडा घेऊन येतो आणि बिळासमोर पाच-सहा कॅमेरे आणि बारा-पंधरा माणसं उभी, तो आत जाऊच शकत नाही, फांदीवर चोचीत तसंच धरून बसून राहतो, लोकांना वाटतं काय सुंदर पोज दिली. अहो तो पोज देत नाहीये, घाबरलाय, आणि आत पिल्लं उपाशी आहेत. कोणी मोबाईलवर त्याच पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावतात, नराला वाटतं दुसरा नर आला, तो घरटं सोडून भांडायला निघतो. हे सगळं होतं कारण कोणीतरी लोकेशन टाकलेलं असतं. माझी तुमच्या प्रतिनिधींना पण हात जोडून विनंती आहे की पक्षी आला ही बातमी जरूर द्या, पण कुठल्या वळणाच्या पुढे कुठल्या ओढ्यावर हे छापू नका.

कारवीच्या झुडपांचं तसंच. आठ वर्षांनी एकदा फुलते, २०१६ ला फुलली होती आणि मग २०२४ ला, फुलली की बी टाकते आणि मरते, एवढंच तिचं आयुष्य. तिच्या काठ्यांनी पाड्यावर कुडाच्या भिंती होतात. २०२४ ला लोक रीलसाठी थेट ताटव्यात घुसून उभे, गुच्छ तोडून केसात. ज्या फुलाचं बी झालं नाही त्याचं झाड पुढच्या बहराला नाही, आणि पुढचा बहर हिशोबाने २०३२ ला, तेव्हा माझ्या भाचीचा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल.

भंडारदऱ्याला काजवे बघायला आपले मुंबईकर मे अखेर-जूनमध्ये गाड्या भरभरून जातात, ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे हे निम्म्यांना माहीत नसतं. काजव्याची ती लुकलुक म्हणजे जोडीदाराला घातलेली साद आहे, त्याच्याकडे दिवस थोडे असतात, त्यात हेडलाइट आणि टॉर्चचा उजेड पडला की साद दिसतच नाही. आणि ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरकडच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना रस्त्यात दोन्ही बाजूंनी कोंडलं, तो व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मी तो पूर्ण बघू शकले नाही. गाड्यांतली माणसं काही शिकारी नव्हती, आपल्यासारखीच सुट्टीवर आलेली, पैसे भरलेली, पोरांना वाघ दाखवायचा म्हणून ड्रायव्हरला थोडं पुढे घ्या थोडं पुढे घ्या म्हणणारी.

पाड्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. पार्काच्या आत वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबं कित्येक पिढ्या राहतात. सहलीला येणारे सरळ अंगणात जाऊन फोटो काढतात, बाई भांडी घासत असली तरी. आपल्या सोसायटीत कोणी असं आलं तर आपण वॉचमनला बोलावू. ही माणसं वाघोबाला देव मानतात, दिवाळीत आपण वसुबारस करतो त्या दिवशी त्यांची वाघबारस असते, बिबट्याचा रस्ता त्याचा म्हणून सोडतात, उन्हं कलली की घराकडे वळतात. जंगलात कसं वागायचं हे शिकायला आपल्याला वर्कशॉप लागत नाही, त्यांच्याकडे बघितलं तरी पुरे. आणि माकडांचा त्रास होतो म्हणून काकडी-पेरूवाल्या मावशांना उठवा असं काही जण बोलतात, त्याला माझा साफ विरोध आहे. त्यांच्याकडून घ्या, त्यांच्यासमोर उभं राहून खा, साल त्यांच्या टोपलीत टाका आणि मग पुढे जा. त्यांच्या पोटावर पाय देऊन जंगल वाचणार नाही.

कोणी म्हणेल मग बंदच करा सगळं. नको. माझ्या शाळेत चाळीतली पोरं यायची ज्यांनी झाडाखालची ओली माती पायाने तुडवलेली नव्हती, त्यांना मी इथे घेऊन यायचे, त्यातला एक आज वनखात्यात आहे. साताऱ्याजवळ फुलांच्या कास पठारावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा घातलीय, ऑनलाइन बुकिंग केल्याशिवाय सोडत नाहीत, तसं काही कान्हेरीला रविवारी करता आलं तर बघावं. गार्ड मंडळी थोडी आहेत, ती एकेका माणसामागे फिरू शकत नाहीत, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा कितीही कडक असला तरी तो सात वर्षांच्या मुलाच्या हातातलं पाकीट बॅगेत ठेवायला येत नाही, ते मलाच ठेवायला हवं होतं आणि परत एकदा बघायला हवं होतं. माझ्या डोळ्यांदेखत झालं ते, याची टोचणी मला अजून आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं. पुरवणीत ठिकाणाची माहिती देताना 'कसे जाल', 'काय खाल' अशा चौकटी असतातच, त्यांच्या शेजारी 'कसे वागाल' अशी एक छोटी चौकट दर वेळी घाला. त्यात फार काही नको. पोटभर खाऊन घरून निघा, आत उघड्यावर खाऊ नका, जे न्याल ते सगळं परत आणा, सालं सुद्धा, लोक म्हणतात साल कुजतं, कुजतं पण त्याआधी माकड येतं. मोबाईल सायलेंट, स्पीकर घरी. घरट्यापाशी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका आणि कोणाला पत्ता देऊ नका. उन्हाळ्यात सिगरेट नकोच, वाळलेल्या पानांना एक ठिणगी पुरते. माकड समोर आलंच तर नजर खाली, दात दाखवून हसू नका, त्याला ती धमकी वाटते, हातात काही असेल तर सोडून द्या आणि शांतपणे बाजूला व्हा. ओरखडा जरी आला तरी आधी साबण-पाणी आणि त्याच दिवशी डॉक्टर, हळद लावून घरी बसू नका. हे एवढं तुमच्या पेपरात आलं तर लोक ऐकतील, माझं काकी म्हणून कोण ऐकतंय.

भाचीचा मुलगा परवा परत आला होता. त्याची भीती जायला हवी म्हणून मीच बोलावलं. कान्हेरीला नाही, आतल्या रस्त्याने गेलो, बॅगेत फक्त पाण्याची बाटली. एका उंबराखाली थांबलो तर वर टोळी होती, पिल्लं पोटाला चिकटलेली, सगळ्यांची तोंडं फळांनी भरलेली, खाली टपटप अर्धी उंबरं पडत होती. आम्ही दहा मिनिटं बघत राहिलो, एकानेही आमच्याकडे वळून बघितलं नाही. पोर हळूच म्हणालं, आजी, यांना आपलं काही नकोच आहे.

त्या टोळीचे मी मोबाईलवर चार-पाच फोटो काढलेत, लांबून आहेत पण बऱ्यापैकी स्पष्ट आलेत. पुढच्या वेळी कान्हेरीवर काही छापणार असाल तर कळवा, मी पाठवून देते.

आपली,
एक नियमित वाचक
बोरिवली (पूर्व), मुंबई